पाण्याचे कडे: लिक्विड रिंग व्हॅक्यूम पंपाची पार्श्वभूमी

हवा उपसणारा पहिला पंप, म्हणजे व्हॅक्यूम पंप, जर्मनीतल्या माग्डेबुर्गच्या ओटो फॉन गेरिकने 1650 च्या सुमारास बनवला. तो पिस्टनचा होता, आणि पुढची अडीचशे वर्षे कारखान्यांतही पिस्टनचेच राज्य राहिले. जेम्स वॅटच्या वाफेच्या इंजिनात कंडेन्सरमधली (वाफ थंड करून पाणी करणाऱ्या भांड्यातली) हवा आणि पाणी काढायला जो पंप असे, तोही पिस्टनचाच.

वॅटचा पंप संथ चाले, त्यामुळे पाणी त्याला पचे. वेग वाढवला तेव्हा पंचाईत झाली. हवा दाबली जाते, पाणी जवळजवळ दाबलेच जात नाही. वेगात मागे-पुढे होणाऱ्या पिस्टनसमोर पाण्याचा लोंढा आला, की झडपा मोडायच्या, दांडा वाकायचा, कधी सिलिंडरचे झाकणच तडकायचे. आणि कारखान्यातली हवा कोरडी असते कुठे? कागदाच्या मशिनवर ओल्या लगद्यातून खेचलेल्या हवेबरोबर पाणी येते, धागे येतात. गाळणयंत्रातून, बाष्पीभवनाच्या भांड्यांतून वाफ येते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला यावर जो तोडगा निघाला, तो मला अजूनही खट्याळ वाटतो: जे पाणी पिस्टनला मोडते, त्यालाच पिस्टन करायचे. जर्मनीत सीमेन्स-शुकर्ट कंपनीला 1903 मध्ये अशा पंपाचे पेटंट मिळाले. अमेरिकेत लुइस नॅशला 1914 मध्ये मिळाले, आणि कनेक्टिकटमधल्या नॉर्वॉकला त्याच्या कंपनीत हे पंप बनू लागले.

रचना अगदी साधी. गोल पिंपासारख्या कवचात पात्यांचे एक चाक, पण मधोमध नव्हे, एका बाजूला सरकवून बसवलेले. आत थोडे पाणी. चाक फिरले की पाणी बाहेर फेकले जाऊन कवचाला आतून कड्यासारखे चिकटते. चाक मध्यावर नसल्यामुळे एका बाजूला हे कडे पात्यांच्या बुडापासून दूर जाते आणि दोन पात्यांमधला गाळा मोठा होतो. तिथे हवा आत शिरते. फिरत फिरत तोच गाळा दुसऱ्या बाजूला आला, की पाणी पुन्हा आत घुसते, हवा दाबली जाते आणि बाहेर पडते. पाती कवचाला घासत नाहीत, आत तेल लागत नाही. हलणारा भाग एकच, म्हणून झिजायला उरतात ती मुख्यतः बेअरिंग आणि दांड्याचे सील. सोबत थोडे पाणी किंवा धागे आले तरी ते कड्यात मिसळून बाहेर जातात.

खरा मोठा फायदा मात्र उष्णतेचा. हवा 100 मिलिबारवरून वातावरणाच्या दाबापर्यंत, म्हणजे 1013 मिलिबारपर्यंत, एका दमात दाबली आणि उष्णता बाहेर जाऊच दिली नाही, तर 20 अंशांची हवा हिशेबाने 290 अंश सेल्सिअसच्या पुढे जाते. इथे ती उष्णता पाणी शोषून घेते आणि वायू थोडासाच कोमट होतो. भडकणारे वायू आणि द्रावकांच्या वाफा हाताळणाऱ्या रसायन उद्योगाला म्हणूनच हा पंप मानवला. तापला तर स्फोट होऊ शकेल असा अॅसिटिलीनही यातून दाबतात. पाणीच हवे असेही नाही: क्लोरीनसाठी कड्यात तीव्र गंधकाम्ल वापरतात.

या पंपाची मर्यादाही पाण्याचीच. 15 अंशांना पाण्याचा बाष्पदाब, म्हणजे ज्या दाबाला ते उकळू लागते तो, सुमारे 17 मिलिबार असतो, 30 अंशांना 42. निर्वात त्याखाली न्यायला गेलात तर कडेच उकळू लागते. बुडबुडे दाबाच्या बाजूला फुटतात आणि पंपात खडे पडल्यासारखा खडखडाट होतो. हे चालू राहिले तर चाकाचे धातू कोरले जाते. त्यामुळे उन्हाळ्यात व्हॅक्यूम कमी पडू लागला, तर पंप उघडण्याआधी पाण्याचे तापमान पाहावे. पाणी घुसळत राहायला वीजही भरपूर जाते, आणि कोरड्या स्क्रू पंपांचे (पाण्याऐवजी फिरत्या मळसूत्रांनी हवा ढकलणाऱ्या पंपांचे) विक्रेते नेमके यावर बोट ठेवतात. स्वच्छ, कोरड्या वायूसाठी त्यांचे म्हणणे बरोबर आहे. ओल्या, धाग्यांनी भरलेल्या हवेपुढे ते तेवढ्या जोरात बोलत नाहीत.

नॅशची कंपनी आणि सीमेन्समधून निघालेली एल्मो ही कंपनी 2002 मध्ये एक झाल्या. दोन वर्षांनी गार्डनर डेन्व्हर या अमेरिकन कंपनीने त्यांना विकत घेतले. पंपांवर नॅश हे नाव मात्र राहिले.