चंदगडचा ब्रास, खानापूरचा टन

बेळगावात घर बांधायला काढलेल्या माणसाच्या हातात हल्ली दोन कागद असतात. एक मेस्त्रीने वहीचं पान फाडून दिलेला: डबर (पायाचा ओबडधोबड दगड) इतके ब्रास, वाळू इतके ब्रास, गिलावा ब्रासला अमुक. दुसरा बँकेच्या कर्जासाठी इंजिनिअरने काढलेला, त्यात घनमीटर आणि टन. घर एकच, प्लॅन एकच, तरी दोन्ही कागदांवरचा माल सहसा जुळत नाही. भिंतीचं घनफळ कसं काढायचं हे दोघांनाही येतं. घोळ आहे तो 'ब्रास' या शब्दात, आणि त्या शब्दाभोवती सरकारी कागदाने तीनदा कूस बदलली त्यात.

जुन्या काळाचं फार सांगायला नको. घर 'पाच खणी' की 'सात खणी' एवढं सांगितलं की सुतार तुळयांचा आणि गवंडी मातीचा अंदाज बांधत असे. लांबी हातात नाहीतर गजात, चुना घाणीवर मळलेला, सोबत सुरकी म्हणजे विटेची भुकटी. मालाचा हिशेब गवंड्याच्या डोक्यात असायचा आणि त्याच्याबरोबरच जायचा.

लेखी हिशेब आला तो इंग्रजी अमदानीत सडका, पूल आणि १८८० च्या दशकात रेल्वे आली तेव्हा. सरकारी दरपत्रकात बांधकामाचा दर शंभर घनफुटांना लिहीत. त्या शंभर घनफुटांना मुंबई इलाख्यात ब्रास म्हणायची रीत पडली आणि बेळगाव जिल्हा त्या इलाख्यातच होता. मद्रासकडे याच शंभर घनफुटांना 'युनिट' म्हणतात. शाळेत ब्रास म्हणजे पितळ शिकलेल्या पोराला खाणीवर पहिल्यांदा हा शब्द ऐकताना चक्रावल्यासारखं होतं, ते सोडा.

सिमेंटचं कोष्टकही त्याच मुशीतलं. पोतं तेव्हा ११२ पौंडांचं होतं आणि सिमेंट घनफुटाला ९० पौंड धरायचं, म्हणजे पोतं सव्वा घनफुटाचं. आजही मेस्त्रीचा फरमा, म्हणजे माल मोजायचा खोका, सव्वा घनफुटाचा, म्हणजे ३५ लिटरचा असतो, आणि इंजिनिअर घनमीटरला १,४४० किलो धरतो. हे १,४४० म्हणजे ते ९० पौंडच, फक्त कपडे बदललेले. शंभर घनफूट काँक्रीटला १५४ घनफूट सुका माल, त्यातून १:२:४ ला (सिमेंट, वाळू, खडी) ८८ खडी, ४४ वाळू, २२ सिमेंट म्हणजे साडेसतरा पोती, हा पाढा अजून इथल्या जुन्या मेस्त्र्यांना झोपेत उठवून विचारला तरी येतो. मेट्रिकमध्ये तोच पाढा विचारला की गाडी अडते.

मालाच्या बाबतीत जिल्हा एकसारखा कधीच नव्हता. पश्चिमेला खानापूर, चंदगड (तेव्हा याच जिल्ह्यात), बेळगावचा घाटाकडचा भाग इथे जांभा दगड. ताजा काढलेला चिरा कुऱ्हाडीने तासता येतो आणि उघड्यावर राहिला की कडक होत जातो. तो नगावर विकला जातो, शेकड्याने. त्यामुळे भिंतीपुरता तिकडच्या माणसाला ब्रास लागतच नसे, लागायचा तो पायाच्या डबराला. पूर्वेकडे बैलहोंगल, सौंदत्तीच्या काळ्या मातीत पाया खोल न्यावा लागतो, म्हणून तिथे डबराचा आकडा फुगतो. ब्रासभर दगडी बांधकामाला सव्वा ब्रास डबर हा नियम दोन्हीकडे चालतो. रचलेल्या डबरात पोकळी राहते, आणि फोडून बसवताना तुकडा वाया जातो. वीट आणि कौल खानापूरचं. नऊ इंची म्हणून जी वीट येते ती साडेआठ बाय चार बाय पावणेतीन भरली तर सांध्यासकट ब्रासला चौदाशेच्या वर थोड्या लागतात. आठ बाय चार बाय अडीच निघाली तर साडेसोळाशेच्या घरात. म्हणून जुना ठेकेदार भट्टीवर आधी टेप लावतो, मग दर विचारतो. सरकारी मानकातली १९० बाय ९० बाय ९० मिलिमीटरची वीट घनमीटरला पाचशे बसते, हिशेबाला फार गोड; पण कागदावर पाचशे लिहून भट्टीवर नऊ इंचीच घेतलेली घरं इथे गल्लोगल्ली आहेत.

आता १ नोव्हेंबर १९५६. बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूरकडे गेला, चंदगड तालुका तेवढा मागे राहिला आणि पुढे कोल्हापूरकडे जोडलेला राहिला. या तारखेवर सीमाभागात बोलायला लागलं की रात्र पुरत नाही, पण बांधकामाच्या अंगाने तिचा परिणाम असा झाला की दरपत्रक बदललं, माप-वही बदलली, हळूहळू तिची भाषाही बदलली. लगेचच, १९५८ पासून टप्प्याटप्प्याने, मेट्रिक मापं आली. म्हणजे दोन-चार वर्षांच्या आत कारकुनाला राज्यही नवं आणि मापही नवं. मुंबईकडे मेट्रिक आलं तरी ब्रास सरकारी बोलण्यात टिकला. गौण खनिजाचं, म्हणजे दगड-वाळूचं, स्वामित्वधन (रॉयल्टी) महाराष्ट्रात आजही ब्रासवर आकारतात. कर्नाटकात ते टनावर. सीमेवरच्या शिनोळीच्या अलीकडे आणि पलीकडे दगड तोच, पण परवान्यावर एकीकडे ब्रास, दुसरीकडे टन. बेळगावच्या माणसाच्या तोंडात मात्र चंदगडचाच शब्द राहिला. मला यात नवल वाटत नाही. तोंडातलं माप राजपत्राने बदलत नाही.

पण तोंडातल्या मापालाही खोड आहे, आणि ती सीमेने लावलेली नाही. ब्रास म्हणजे शंभर घनफूट, आणि ब्रास म्हणजे शंभर चौरस फूटही. गिलावा, फरशी, सेंट्रिंग (काँक्रीट ओतायचा साचा) चौरसाच्या ब्रासने. खोदाई, डबर, वाळू, खडी घनाच्या ब्रासने. इथपर्यंत कुणाचं भांडण नाही, कारण फरशी घनफुटाने कुणी मागत नाही. (बेंगळूरकडचा माणूस शंभर चौरस फुटांना 'चदर' म्हणतो, वाळूला वेगळा शब्द वापरतो. त्यांचं सोपं आहे.) भांडण लागतं विटेच्या भिंतीवर. नऊ इंची भिंतीचा शंभर चौरस फूट तुकडा म्हणजे पंच्याहत्तर घनफूट. साडेचार इंची पडदीचा तेवढाच तुकडा साडेसदतीस. मेस्त्रीने 'वीटकाम ब्रासला इतके' म्हटलं आणि मालकाने मान डोलावली, तर दोघांच्या डोक्यात वेगळे ब्रास असू शकतात. दोन हजार चौरस फूट नऊ इंची भिंत एका हिशेबाने वीस ब्रास, दुसऱ्याने पंधरा. मजुरीत सरळ पाव भागाचा फरक.

सरकारी मोजणीचा नियम तसा स्वच्छ आहे. अर्ध्या विटेची भिंत चौरसात, एक वीट आणि त्याहून जाड घनात. जुने ठेकेदार हाच पाळत, कारण त्यांची निम्मी कामं सरकारी असत. मग घरं खांब-तुळईवर उभी राहू लागली, भिंत नुसती भराव झाली, आणि पाठोपाठ सिमेंटचे ब्लॉक आले. सोळा बाय आठ इंची तोंडाचे ब्लॉक शंभर चौरस फुटांना ११२-११३ बसतात, जाडी चार असो, सहा असो की आठ. ब्लॉक मोजायला घनफुटाची गरजच उरली नाही. ब्लॉकवर हात बसलेला मेस्त्री विटेकडे वळला तो चौरसाचा ब्रास घेऊनच. मी स्वतः अनगोळातल्या एका घराच्या हिशेबात यात अडकलो. मेस्त्री खोटं बोलत नव्हता, मालकही नाही, आणि कागदावर नुसतं 'ब्रास' लिहिणारा मी होतो. शेवटी मधला आकडा काढून दोघांनाही थोडं थोडं नाराज केलं.

त्यात चौकटींचा वाद. दार-खिडकीची जागा वजा करायची की नाही? मेस्त्री म्हणतो, कोपरे सरळ धरायचं काम जास्त, वजा कशाला. मालक म्हणतो, जिथे भिंतच नाही तिथले पैसे कशाचे. गिलाव्यापुरता नियमाने मधला रस्ता काढलेला आहे: अर्ध्या चौरस मीटरपर्यंतची पोकळी वजा नाही, तिथून तीन चौरस मीटरपर्यंत फक्त एका बाजूची वजा, दुसरी बाजू चौकटीच्या काठाच्या कामापोटी सोडायची. तीन बाय सात फुटांचं दार यातच बसतं.

ब्रासचा तिसरा अर्थ चाकावर चालतो. 'दोन ब्रासची गाडी' म्हणजे टिपर. हौदा दहा बाय सहा फूट, आत तीन फूट चार इंच भरला तर दोनशे घनफूट, बरोबर दोन ब्रास. फाळक्याखाली चार इंच कमी भरला की वीस घनफूट गेले, गाडीचा दहावा भाग. शीग लावून आणली तर उलट. म्हणून वडगाव-शहापूरकडचे जाणते मालक गाडी ओतण्याआधी हौद्यात टेप सोडायला लावतात, आणि ड्रायव्हर 'एवढा विश्वास नाही का' म्हणून तोंड वाकडं करतो.

वाळूत तर पाण्याचाही वाटा असतो. ओलसर वाळू फुगते. चार-पाच टक्के पाणी असलं तरी घनफळ पाव भागाने वाढू शकतं, म्हणजे ब्रासभर ओल्या वाळूत सुकी ऐंशी घनफूटच. वजनावर घेतली तर पाण्याचे पैसे जातात, पण पाच टक्केच. सुकी वाळू ब्रासला साधारण साडेचार टन धरली तर पाण्याचे सव्वादोनशे किलो. टनाचा हिशेब आपल्याकडे परका म्हणून नावडता असला, तरी वाळूपुरता तोच गिऱ्हाइकाच्या बाजूचा आहे हे मान्य करायला हवं. काटा खरा असेल तर.

२०१२ मध्ये न्यायालयाच्या निकालाने पाच हेक्टरखालच्या लहान खाणपट्ट्यांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची झाली, आणि नदीची वाळू बेळगावात दुर्मिळ आणि महाग होत गेली. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, निपाणीकडे दूधगंगा: जी वाळू लोक पिढ्यानपिढ्या बैलगाडीने आणत होते तिला परवाना, पास, वेळ. तिच्या जागी क्रशरची, म्हणजे दगड फोडून केलेली, वाळू आली. खडी-वाळूच्या मानकात तिला आधीपासूनच जागा होती. क्रशरवर वजनकाटा असतो, पावती टनात निघते. मेस्त्री ती हातात घेऊन साडेचारने भागतो आणि ब्रास करतो. पण तिच्यात बारीक भुकटी जास्त आली की वजन बदलतं, पाणी जास्त मागते, आणि सिमेंटचा अंदाज चुकतो. साडेचारचा आकडा नदीच्या वाळूचा होता. तो तसाच ओढून आणला गेला आहे.

आता काही ठेकेदार करारातच लिहून घेतात: 'ब्रास म्हणजे १०० चौ. फूट, भिंत ९ इंची, चौकटी वजा न करता. वाळू टनात, काट्याच्या पावतीप्रमाणे.' ओळ लांबते, पण मालकाची सही तिच्याच खाली येते.