मटार सुटे का हवेत?

फ्रीजरमधून मटाराची पिशवी काढावी तर हातात वीट येते. पोह्यांना हवा असतो मूठभर मटार. वीट ओट्यावर आपटली जाते, नाहीतर नळाखाली धरली जाते; निम्मी वितळते, उरलेली परत आत जाते आणि पुढच्या वेळी आणखी घट्ट होऊन बाहेर येते. तिसऱ्या खेपेला दाणे सुरकुतलेले, सालं सुटलेली, वास उतरलेला. मग सगळी पिशवी ओल्या कचऱ्यात.

गोठवलेल्या भाजीत नासाडी वाचते ती थंडीमुळे, हे खरंच. पण हवी तेवढीच भाजी हाताला लागली तर. दाणा न् दाणा सुटा असला की मूठभर काढून बाकीचे न वितळता आत राहतात. आणि दाणे सुटे असले की ते सुटे विकताही येतात, आपल्या डब्यात, वजनावर. 'सुटे'चे हे दोन्ही अर्थ एकमेकांवर उभे आहेत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ साली जगात सुमारे १०५ कोटी टन अन्न वाया गेलं आणि त्यातलं साठ टक्के घरांतून गेलं. भारतीय घरांसाठीचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलोचा आहे. यात न खाण्याजोगी सालं-टरफलंही धरलेली आहेत, पण फ्रीजच्या खणात विसरलेली भाजीही आहे.

थंडी आधी आली, सुटेपणा तीसेक वर्षांनी. अमेरिकेतल्या क्लॅरेन्स बर्ड्सआयने कॅनडाच्या लॅब्राडोरमध्ये तिथल्या इन्युइट लोकांनी कडाक्याच्या थंडीत झटपट गोठवलेले मासे पाहिले आणि पुढे तीच रीत यंत्रात आणली: भरलेली खोकी दोन थंडगार धातूच्या पत्र्यांमध्ये दाबायची. ६ मार्च १९३० रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्डच्या दुकानांत असा माल विक्रीला आला. तो मटार उत्तम होता, पण एका खोक्याची एकच वडी. खोकं उघडलं की सगळं संपवायचं. १९६०च्या दशकात स्वीडनमध्ये वेगळी यंत्रं आली. त्यांत जाळीच्या पट्ट्यावर दाण्यांचा थर असतो आणि खालून उणे ३० ते उणे ४० अंशांची हवा इतक्या जोरात सोडतात की दाणे उचलले जातात आणि उकळत्या पाण्यासारखे घुसळत राहतात. प्रत्येक दाण्याला चहूबाजूंनी थंड हवा लागते, शेजाऱ्याला चिकटायला उसंत मिळत नाही, चार-पाच मिनिटांत तो आतपर्यंत गोठतो. पाकिटावर 'आयक्यूएफ' (इंडिव्हिज्युअली क्विक फ्रोझन, म्हणजे एकेक दाणा सुटा झटपट गोठवलेला) लिहिलेलं असतं ते हेच.

वेगाचा फायदा नुसता सुटेपणाचा नाही. मटाराच्या दाण्यात पाऊण भागाहून अधिक पाणी. ते साधारण उणे १ अंशाला गोठू लागतं आणि उणे ५पर्यंत त्यातलं बरंचसं बर्फ होतं. या चार अंशांच्या पट्ट्यात दाणा किती वेळ रेंगाळतो यावर सगळं ठरतं. रेंगाळला तर बर्फाचे थोडेच पण मोठे स्फटिक पेशींच्या मधल्या जागेत वाढतात आणि पेशींमधलं पाणी ओढून घेतात. वितळल्यावर ते पाणी परत आत शिरत नाही, ताटलीत साचतं आणि दाणा पिचका होतो. झपाट्याने गेला तर स्फटिक असंख्य आणि बारीक राहतात. एक किलो दाणे ३० अंशांवरून उणे १८पर्यंत न्यायला ढोबळमानाने ३९० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. त्यातली अडीचशेच्या आसपास निव्वळ पाण्याचं बर्फ होताना निघते. घरच्या छोट्या फ्रीजरची दमछाक होते ती इथे.

आता पिशवीकडे. घर लहान, म्हणून एक किलोऐवजी २०० ग्रॅमचं पाकीट घेतलं तर भाजी वाया जात नाही, पण प्लास्टिक वाढतं. किती, ते साध्या भूमितीने निघतं. आकार तोच ठेवून आकारमान पाचपट केलं, तर पृष्ठभाग पाचपट होत नाही, २.९पटच होतो. म्हणजे एका किलोच्या पाकिटाऐवजी २०० ग्रॅमची पाच घेतली तर त्याच जाडीचं प्लास्टिक सुमारे १.७ पट लागतं. दहा किलोच्या घाऊक पिशवीशी तुलना केली तर २०० ग्रॅमच्या पन्नास पाकिटांना जवळजवळ ३.७ पट. त्यात किरकोळ पाकीट बऱ्याचदा दोन वेगळ्या प्लास्टिकचे थर चिकटवून केलेलं असतं. ते थर सुटे होत नाहीत, म्हणून त्याचं पुन्हा प्लास्टिक करणं अवघड. घाऊक पिशवी बहुधा साध्या पॉलिथिनची, एकाच जातीची. लहान पाकीट अन्न वाचवतं आणि प्लास्टिक उधळतं, मोठं पाकीट नेमकं उलटं करतं. मोठ्या पिशवीतून सुटं वजन करून देणं हा एकच मार्ग दोन्ही वाचवतो, आणि तोही गिऱ्हाईक स्वतःचा डबा आणत असेल तर. दुकानदाराने पातळ पिशवीत गाठ मारून दिलं की फायदा तिथेच संपला.

इंग्लंडमध्ये केंटमधली फील्डफेअर ही कंपनी शेतांवरच्या दुकानांत असे फ्रीजर पुरवते: आत भाज्या-फळं सुटी, गिऱ्हाइकाने पळीने हवी तेवढी घ्यायची. ऑक्सफर्डमधल्या वेटरोज दुकानात २०१९ साली सुटी गोठवलेली फळं ठेवून पाहिली होती. आपल्याकडे डेअरीत आणि किराणा दुकानात डीप फ्रीजरमधून किलोवर मटार मिळतो, तेव्हा ही रीत आपल्याला परकी नाही. फक्त ती नीट पाळायला हवी.

सुट्या विक्रीत बिघडतं ते मुख्यतः झाकणापाशी. झाकण उघडलं की दमट हवा आत पडते, वरच्या थरावर बाष्प धरतं, त्याचा बर्फ होतो. असं दिवसातून पन्नास वेळा झालं की वरचे दाणे पांढुरके आणि चिकटलेले. म्हणून वर उघडणारा फ्रीजर उभ्या दाराच्या फ्रीजरपेक्षा बरा, कारण थंड हवा जड असते आणि तळाशी टिकते. कुठवर भरायचं ते दाखवणारी रेघ आत असते, तिच्या वर माल भरू नये. पळी आतच खुपसून न ठेवता रोज धुवावी, पूर्ण कोरडी करूनच वापरावी. ओल्या पळीचं पाणी दाण्यांवर गोठतं. नवा माल जुन्यावर ओतू नये, आधीचा संपवून भांडं रिकामं करावं, आणि घाऊक पिशवीवरची तारीख कापून फ्रीजरवर डकवावी. गिऱ्हाइकाला सुट्या मालाची तारीख दुसऱ्या कुठून कळणार?

घेणाऱ्याने पळीभर मटार हलवून बघावा. खडखडला तर चांगला. गठ्ठे आणि चुरा दिसला तर तो माल मध्ये कधीतरी वितळून परत गोठला आहे, शिवाय तुम्ही बर्फाचेही पैसे देत आहात. रंगाची शंका आली तर थोडे दाणे काचेच्या पेल्यात पाण्यात अर्धा तास ठेवा. पाणी हिरवं झालं तर रंग वरून दिलेला आहे. आणखी एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते: गोठवलेली भाजी कच्ची खाऊ नका. युरोपात २०१५ ते २०१८ या काळात गोठवलेल्या मक्यातून लिस्टेरिया जिवाणूची साथ पसरली, ४७ जणांना बाधा झाली आणि ९ जण दगावले. गोठवल्याने हा जिवाणू मरत नाही. नीट शिजवल्याने मरतो. सॅलडवर घालायचे दाणेही आधी उकळून घ्यावेत.

घरी सुटे दाणे करता येतात, फक्त घाई चालत नाही. पुरंदरचा मटार पावसाळ्यात येतो. पण स्वस्ताई असते ती डिसेंबर-जानेवारीत, उत्तरेकडचा आणि जबलपूरकडचा माल उतरतो तेव्हा. पाच किलो शेंगांचे साधारण दोन ते अडीच किलो दाणे निघतात. शेंगा आणल्या त्याच दिवशी सोला, कारण तोडल्यापासून दाण्यातली साखर पिठूळ होत जाते आणि उकाड्यात हे फार लवकर होतं. टरफलं गुरांना चालतात, नाहीतर खतात.

मोठ्या पातेल्यात चार लिटर पाणी खळखळ उकळवा आणि एका वेळी अर्ध्या किलोपेक्षा जास्त दाणे टाकू नका. मिनिटभरात पाणी पुन्हा उकळायला हवं. नाही उकळलं तर दाणे जास्त झाले. उकळी परत आल्यापासून घड्याळाने दीड मिनिट. याने दाण्यातली लायपॉक्सिजनेजसारखी विकरं (एन्झाइम्स) निकामी होतात. ती जिवंत राहिली तर उणे १८ अंशांतही हळूहळू काम करत राहतात आणि दोन महिन्यांत मटाराला वाळल्या गवताचा वास येतो. अर्धवट उकळणं तर न उकळण्यापेक्षाही वाईट, कारण कोमट उबेत विकरं मरत नाहीत, उलट चेवतात. पाण्यात सोडा घालू नका. रंग हिरवागार राहतो, पण साल लिबलिबीत होते आणि ब-१ व क जीवनसत्त्वं जातात. दाण्यांतली आम्लं हरितद्रव्याचा रंग मळवतात, आणि ती वाफेबरोबर उडून जावीत म्हणून पातेल्यावर झाकण न ठेवणं एवढा उपाय पुरतो.

झाऱ्याने काढून दाणे बर्फाच्या पाण्यात टाका, किमान दीड-दोन मिनिटं, हाताला पूर्ण गार लागेपर्यंत. मग रोळीत निथळा आणि जाड पंचावर पसरून पंख्याखाली ठेवा. या टप्प्याला बहुतेक घरांत फाटा मिळतो आणि सगळी वीट इथेच तयार होते: दाण्यांमधलं पाण्याचं थेंबभर अस्तर गोठलं की तोच सिमेंट. पंचा ओला लागेनासा झाला की दाणे कोरडे.

आता ताटात एकच थर. ताट आधी तासभर फ्रीजरमध्ये थंड केलेलं असेल तर उत्तम. स्टील किंवा ॲल्युमिनियम घ्यावं, प्लास्टिकमधून उष्णता नीट जात नाही. दीड-दोन तासांत दाणे गोळीसारखे टणक होतात. लगेच डब्यात भरा, ताट उघडं राहिलं तर दाणे सुकतात. आणि फ्रीजरची ताकद ओळखा. एका दिवसात दर लिटर जागेला ३० ते ५० ग्रॅमपेक्षा जास्त ताजा माल टाकू नये. एकदारी फ्रीजचा १५ लिटरचा खण असेल तर दिवसाला अर्धा-पाऊण किलो. अडीच किलो दाणे एकाच रात्री कोंबले तर सगळेच त्या चार अंशांच्या पट्ट्यात रात्रभर रेंगाळतात. म्हणून शेंगाही टप्प्याटप्प्याने आणाव्यात.

फ्रीजच्या दारावरचे वीजबचतीचे तारे वेगळे आणि फ्रीजरवरचे वेगळे. फ्रीजरवर एक तारा म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८ अंश. तीन ताऱ्यांत मटार आठ ते बारा महिने चांगला राहतो. एका ताऱ्याच्या खणात तो आठवड्याभरात संपवावा. तिथे वर्षाची बेगमी करू नये.

हीच रीत इतर दाण्यांना चालते, वेळ तेवढी बदलते. पावट्याला तीन मिनिटं, फरसबीच्या तुकड्यांना आणि फ्लॉवरच्या तुऱ्यांना तीन, गाजराच्या फोडींना दोन. मक्याचं कणीस आधी चार मिनिटं उकळून मग दाणे काढावेत. सुटे दाणे उकळले तर गोडवा पाण्यात जातो. पालेभाजी सुटी राहत नाही, तिचे वाटीएवढे गोळे करून ताटात गोठवले तर कामापुरता एक काढता येतो. काकडीचा नाद सोडावा.

डब्यांपैकी स्टीलचा सगळ्यांत भरवशाचा. हॉटेलातून येणारे प्लास्टिकचे डबे, तळाला त्रिकोणात ५ लिहिलेले, पॉलिप्रॉपिलिनचे असतात. हे प्लास्टिक शून्याच्या आसपास ठिसूळ होऊ लागतं, हातातून निसटलं की तडकतं. दुधाची पिशवी मात्र पॉलिथिनची, थंडीतही लवचिक राहते. कोमट साबणाच्या पाण्याने धुऊन, उलटी करून वाळवली तर पाव किलो मटाराला ती उत्तम. डबा निम्मा रिकामा झाला की दाणे लहान डब्यात काढावेत, कारण रिकाम्या जागेतल्या हवेत दाण्यांचं पाणी उडतं आणि झाकणाखाली हिमाचा चुरा साठतो.

वीज गेली तर फ्रीजर उघडू नका. गच्च भरलेला डीप फ्रीजर दोन दिवस, निम्मा भरलेला एक दिवस थंडी धरून ठेवतो. फ्रीजचा वरचा खण त्याहून कमी. गावाला जाताना वाटीभर पाण्याचा बर्फ करून त्यावर रुपयाचं नाणं ठेवा. परत आल्यावर नाणं तळाशी गोठलेलं दिसलं तर मधे सगळं वितळून गेलं होतं. नाणं वर आहे आणि दाणे सुटे आहेत तर काळजी नाही. दाण्यांत बर्फाची करकर असेल तर परत गोठवता येतात, थोडे मऊ पडतील. किती वेळ वितळलेले होते ते कळत नसेल तर टाकून द्यावेत; इथे काटकसर करू नये.

शिजवताना वितळवायची गरज नाही. दीडशे मिलिलिटरच्या वाटीत साधारण ९० ग्रॅम दाणे मावतात. उसळीला थेट फोडणीत, पोह्यांना कांदा परतल्यावर, पुलावाला तांदळाबरोबर न घालता शेवटच्या पाच-सात मिनिटांत. ते आधीच दीड मिनिट उकळलेले आहेत, म्हणून ताज्यापेक्षा लवकर शिजतात.

दुकानात सुटा मटार आणायला जाताना झाकणाचा स्टीलचा डबा आदल्या रात्री फ्रीजरमध्ये ठेवा आणि रिकाम्या डब्याचं वजन तळाला रंगाने लिहून ठेवा. काट्यावर आधी रिकामा डबा, मग शून्याचं बटण, मग मटार. येताना तो जाड टॉवेलात गुंडाळून पिशवीत घालावा आणि मटार बाजारहाटाच्या शेवटी घ्यावा, अर्ध्या तासात घरी पोहोचता येईल अशा बेताने.