स्काल्प अ‍ॅक्युपंक्चर आणि मेंदूचा रक्तप्रवाह

स्काल्प अ‍ॅक्युपंक्चर म्हणजे डोक्याच्या त्वचेखाली, पण कवटीच्या वर, बारीक सुया आडव्या सरकवून मेंदूच्या विकारांवर केला जाणारा उपचार. चीनच्या शान्शी प्रांतातील चियाओ शुन्फा यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला तो मांडला. चिनी वैद्यकात मानल्या जाणाऱ्या, अंगभर पसरलेल्या ऊर्जावाहिन्यांवरचे बिंदू त्यांनी आधाराला घेतले नाहीत. हालचाल, संवेदना, वाणी यांची मेंदूतली क्षेत्रे कवटीखाली जिथे येतात, तिथे त्यांनी डोक्यावर रेषा आखल्या. जपानमध्ये तोशिकात्सु यामामोतो यांनी त्याच दशकात निराळी पद्धत बसवली. सुई मेंदूपर्यंत कधीच जात नाही. तरीही मेंदूच्या रक्तप्रवाहावर तिचा परिणाम कसा होत असेल, हा या विषयातला खरा प्रश्न आहे.

सर्वांत जास्त वापरली जाते ती हालचालीची रेषा. दोन भुवयांच्या मधोमधपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्याच्या खालच्या कडेपर्यंत टेप धरायची. अंतर ३६ सेंमी भरले, तर मध्य १८ वर येतो आणि त्याच्या अर्धा सेंमी मागे, म्हणजे १८.५ वर, रेषेचे वरचे टोक. खालचे टोक कानशिलावर असते: भुवईच्या मध्यापासून त्याच मागच्या उंचवट्यापर्यंत आडवी रेषा काढली की ती कल्ल्याच्या पुढच्या केसांना जिथे छेदते, तिथे. या रेषेचा वरचा एक पंचमांश पाय आणि धडासाठी, मधले दोन पंचमांश हातासाठी, खालचे दोन चेहरा व बोलण्यासाठी. तिच्या दीड सेंमी मागे संवेदनेची रेषा आणि दीड सेंमी पुढे कंपाची. उजवा हात लुळा असेल तर सुई डावीकडे लागते, कारण मेंदूकडून येणारे हालचालीचे तंतू खाली येताना बाजू बदलतात. अंदाजाने टोचणाऱ्याची रेषा सहज एक-दोन सेंमी सरकते आणि मग हालचालीच्या नावाखाली संवेदनेच्या रेषेवर उपचार चालतो. टेप न वापरण्याला सबब नाही.

सुई साधारण ०.२५ ते ०.३० मिमी जाडीची, २५ ते ४० मिमी लांबीची, निर्जंतुक आणि एकदाच वापरायची. ती त्वचेशी १५ ते ३० अंशांचा कोन करून घालतात. डोक्याच्या त्वचेचे थर इथे नीट माहीत हवेत: वर त्वचा, मग घट्ट तंतूंचा थर, त्याखाली चिवट पापुद्रा, नंतर सैल ऊतींचा थर आणि शेवटी हाडावरचे आवरण. सुई पोहोचायला हवी ती सैल थरात. तिथे शिरली की अडथळा एकदम कमी होतो आणि ती हाडाला समांतर सहज सरकते. रुग्ण कळवळला आणि सुई अडकली, तर ती अजून घट्ट थरात आहे. टोक टणक लागले, तर हाडाच्या आवरणाला टेकली आहे. दोन्ही वेळा जोर लावायचा नाही. थोडी मागे घेऊन कोन बदलायचा. मग मिनिटाला सुमारे २०० वेळा या वेगाने एक ते तीन मिनिटे सुई बोटांत फिरवतात, २० ते ३० मिनिटे तशीच ठेवतात आणि मध्ये एक-दोनदा पुन्हा फिरवतात. त्या वेळात रुग्णाने लुळा हात उचलायचा प्रयत्न करत राहायचा. नुसते पडून राहण्यात उपचाराचा निम्मा अर्थ जातो.

मेंदूचे वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण हृदयातून निघणाऱ्या रक्ताचा १५ ते २० टक्के वाटा तो घेतो. दर १०० ग्रॅम ऊतीला मिनिटाला सुमारे ५० मिलि रक्त मिळते. ते २० च्या खाली गेले की पेशींचे काम थांबते आणि १०-१२ च्या खाली त्या मरू लागतात. मधल्या पट्ट्यातल्या पेशी गप्प असतात, पण जिवंत असतात. सुईचा परिणाम तिथवर पोहोचण्याचा संभाव्य मार्ग चेतांचा, म्हणजे मज्जातंतूंचा, आहे. कपाळ व कानशिलाच्या त्वचेला त्रिशाखी चेता पुरवठा करते आणि तिच्याच शाखा मेंदूच्या आवरणावरच्या व तळाच्या रक्तवाहिन्यांपर्यंत जातात. ती उत्तेजित झाली की रक्तवाहिन्या सैल करणारी रसायने सुटू शकतात. नायट्रिक ऑक्साइड हे त्यांतले एक. डोक्याच्या मागच्या भागाची संवेदना मात्र मानेच्या वरच्या चेतांकडे असते. म्हणून सगळ्या रेषांना एकच स्पष्टीकरण लावणे चूक ठरते.

रक्तप्रवाह वाढल्याचा दावा तपासताना मोजणी कशी केली, ते आधी पाहावे. कानशिलावर प्रोब ठेवून ध्वनिलहरींनी केलेली डॉपलर तपासणी रक्ताचा वेग मोजते, प्रमाण नव्हे. रक्तवाहिनी आकसली तरी वेग वाढतो. शिवाय सुई टोचताना रुग्णाने श्वास रोखला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि त्याचा दाब पाऱ्याच्या एका मिमीने वाढला तरी मेंदूचा रक्तप्रवाह तीन-चार टक्क्यांनी वाढतो. घाबरून भराभर श्वास घेतला तर उलट होते. हात हलवल्यानेही हाताच्या क्षेत्रातला प्रवाह आपोआप वाढतो. त्यामुळे व्यायाम आणि सुई एकत्र दिलेल्या गटाची तुलना तोच व्यायाम करणाऱ्या गटाशीच व्हायला हवी. आणि प्रवाह खरोखर वाढला, तरी मेलेल्या पेशी परतत नाहीत.

पक्षाघातानंतरच्या पुनर्वसनातील अ‍ॅक्युपंक्चरवरच्या २०१६ च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक चाचण्यांचे निष्कर्ष एकत्र तपासणारा आढावा) ३१ चाचण्या आणि २,२५७ रुग्ण होते. काही सुधारणा दिसल्या, पण चाचण्यांचा दर्जा कमी असल्याने ठाम निष्कर्ष काढता आला नाही. पार्किन्सन, वाचाघात (मेंदूच्या इजेने बोलणे-समजणे बिघडणे), निद्रानाश, अर्धशिशी यांसाठीही सुया लावतात. तिथला आधार याहून कच्चा आहे.

ठाणे-नवी मुंबईत पक्षाघाताच्या बाबतीत सर्वांत घातक चूक होते ती वेळेची. तोंड वाकडे झाले, हात पडला, बोलणे अडखळले की १०८ ला फोन करून, सीटी स्कॅनची सोय असलेल्या जवळच्या रुग्णालयात जायचे. गुठळी विरघळवणारे औषध लक्षणे सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावे लागते आणि घोडबंदर रोड किंवा ठाणे-बेलापूर रोडवरची कोंडी त्यातला बराच वेळ खाते. त्या तासांत सुयांच्या दवाखान्याची पायरी चढू नये. मेंदूत रक्तस्राव झाला की गुठळी, हे स्कॅनशिवाय कळत नाही. प्रकृती स्थिर झाल्यावर आणि मेंदूरोगतज्ज्ञांनी होकार दिल्यावरच सुयांचा विचार करावा.

शस्त्रक्रियेत कवटीचा तुकडा काढलेला असेल तर त्या जागी सुई मुळीच नको. खाली हाडच नसते. मेंदूतले पाणी वळवणारी नळी त्वचेखालून गेली असेल, बाळाची टाळू भरली नसेल, तिथेही नाही. सुयांना वीजप्रवाह जोडायचा असेल तर पेसमेकर आणि फिट्सचा इतिहास आधी विचारावा. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर सुई काढल्यावर जास्त वेळ दाबून धरावे लागते. एरवीही डोक्याची जखम बराच वेळ वाहते, कारण घट्ट थरातले तंतू रक्तवाहिनीचे तोंड ताणून उघडे ठेवतात. कोरड्या कापसाने एक-दोन मिनिटे दाबायचे, चोळायचे नाही. सैल थरातला जंतुसंसर्ग कवटीतून जाणाऱ्या शिरांवाटे आत पोहोचू शकतो. इथल्या दमट हवेत घामाने आलेल्या पुळ्या, त्यावर खोबरेल तेल, असे डोके रोज दिसते. तेल आदल्या दिवशी धुऊन यावे, पुळी असलेली जागा सोडावी. उपाशीपोटी, लोकलच्या गर्दीतून थेट आलेल्या माणसाला भोवळ येते. त्याला आधी खायला द्यावे आणि आडवे झोपवूनच सुया लावाव्यात. केसांत सुई राहून जाते, म्हणून लावताना आणि काढताना दोन्हीदा मोजायच्या. वापरलेल्या सुया पांढऱ्या, टोचून न फुटणाऱ्या डब्यातच टाकायच्या.

महाराष्ट्रात अ‍ॅक्युपंक्चरसाठी स्वतंत्र कायदा आणि परिषद आहे. उपचारकाचा नोंदणी क्रमांक निःसंकोच विचारावा. पहिल्या बैठकीआधी दहा मीटर चालायला लागणारे सेकंद, हाताची पकड, बटण लावायला लागणारा वेळ लिहून ठेवावा. दहा बैठकांनंतर त्याच चाचण्या पुन्हा घ्याव्यात. आकडे तिथेच असतील तर सुया बंद करून तो पैसा आणि वेळ फिजिओथेरपीकडे वळवावा.