१९४३चा पोलादी सेंट: दर्जा कसा लावतात, टांकसाळीतले दोष कसे ओळखायचे

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी दिलेल्या सुट्या नाण्यांत कधीकधी एक राखाडी सेंट निघतो. एका बाजूला अब्राहम लिंकन, दुसऱ्या बाजूला गव्हाच्या दोन ओंब्या आणि साल १९४३. बाकीचे सेंट तांबूस आणि हाच पांढुरका का, असं विचारत बरेच ग्राहक तो आमच्याकडे घेऊन येतात. विकत घेण्याआधी किंवा विकायला काढण्याआधी एवढं जरूर वाचा.

दुसऱ्या महायुद्धात काडतुसांसाठी तांब्याची फार गरज होती, म्हणून अमेरिकेने त्या एका वर्षी सेंट पोलादाचे पाडले आणि वरून जस्ताचा पातळ थर दिला. (आपल्याकडचा भोकाचा पैसाही १९४३चाच, तोही धातू वाचवण्यासाठी.) हे नाणं दुर्मीळ मात्र नाही. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीने सुमारे ६८ कोटी ४६ लाख, डेन्व्हरने २१ कोटी ७६ लाख आणि सॅन फ्रान्सिस्कोने १९ कोटी १५ लाख सेंट पाडले. सालाखाली ‘डी’ असेल तर डेन्व्हर, ‘एस’ असेल तर सॅन फ्रान्सिस्को, काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. वापरलेल्या साध्या नाण्याला त्यामुळे किरकोळच किंमत येते. खरा फरक पडतो तो दर्जाने.

दर्जा १ ते ७० अशा मापावर लावतात. ६० आणि त्यापुढचं नाणं म्हणजे वापरात न आलेलं, ज्याला संग्राहक यूएनसी म्हणतात. आधी लिंकनच्या गालाचं हाड आणि जबडा पाहा, मग नाणं उलटून ओंब्यांवरच्या बारीक रेषा पाहा. झीज पहिल्यांदा याच उंचवट्यांवर होते. रेषा टोकापर्यंत स्वच्छ दिसत असतील तर नाणं वरच्या दर्जाचं. रेषा पुसून ओंबीचा नुसता आकार उरला असेल तर बरंच खालचं. पोलादी सेंटमध्ये आणखी एक खूण मिळते: उंचवट्यांवरचं जस्त घासलं की आतलं पोलाद काळपट दिसू लागतं.

आता फसवणुकीची जागा. झिजलेल्या, गंजलेल्या सेंटवरचा जुना थर तेजाबाने काढून त्यावर नव्याने जस्त किंवा क्रोम चढवतात. असं नाणं लखलखतं आणि ‘नवंकोरं’ म्हणून विकलं जातं. ते ओळखायचं असेल तर कड पाहा. टांकसाळीत जस्त चढवलं होतं पोलादाच्या पट्टीवर, आणि चकत्या कापल्या त्यानंतर. म्हणून अस्सल नाण्याची कड उघड्या पोलादाची असते आणि गंजही बहुधा तिथूनच धरतो. कडेवरही तीच चकाकी असेल तर थर नंतर चढवलेला आहे, हे पक्कं समजा. अस्सल यूएनसी नाणं दिव्याखाली हलकेच फिरवलं की प्रकाशाचा पट्टा त्यावर गोल सरकतो. नव्या थराच्या नाण्यात सगळीकडे एकसारखी, सपाट चमक असते. मूळचं मंद राखाडी नाणं आम्ही या चकचकीत नाण्यापेक्षा नेहमीच वरचं मानतो. कृपा करून घरी घासू नका, चिंच-लिंबू तर अजिबात लावू नका. जस्त एकदा गेलं की दर्जा परत येत नाही.

दोषांच्या बाबतीत आमचा पहिला प्रश्न एकच असतो: हे टांकसाळीत झालं की नंतर? पोलाद कठीण असल्याने साचे लवकर झिजत आणि तडकत. साच्याला तडा गेला की नाण्यावर वर उठलेली बारीक रेषा येते. खोल गेलेली रेषा म्हणजे बहुतेक वेळा नंतरचा ओरखडा. सालातला ४ पुसट असणं या नाण्यांत नेहमीचंच आहे. साचा झिजला किंवा त्यात वंगण भरलं की असं होतं, त्यासाठी जास्त पैसे मोजू नका. टांकसाळीचं अक्षर तेव्हा साच्यावर हाताने ठोकत. ते दोनदा ठोकलं गेलं की ‘डी’ला लागून दुसऱ्या ‘डी’ची कड दिसते. डेन्व्हरच्या अशा ठळक नमुन्याला संग्राहकांत चांगली मागणी आहे. मात्र अक्षराशेजारी नुसती सपाट पायरी दिसली तर ती छाप मारताना साचा हलल्याची खूण, तिला वेगळी किंमत नाही. जस्त नसलेली नाणीही कोणी घेऊन येतं. टांकसाळीतून तशी काही सुटली, पण तेजाबाने तोच परिणाम साधता येत असल्याने आम्ही ती सहसा घेत नाही.

सगळ्यात जास्त विचारणा होते १९४३च्या तांब्याच्या सेंटची. आधीच्या काशाच्या (म्हणजे बहुतांश तांब्याच्याच) काही चकत्या यंत्रात राहून गेल्या आणि त्यांवर १९४३ची छाप पडली. अशी मोजकीच नाणी आज माहीत आहेत. डेन्व्हरचं एकमेव ज्ञात नाणं २०१०मध्ये १७ लाख डॉलरला विकलं गेल्याचं जाहीर झालं होतं. साहजिकच नकला अमाप आहेत. आधी लोहचुंबक लावा. चिकटलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं पोलाद. नाही चिकटलं तर वजन करा: काशाचा सेंट ३.११ ग्रॅम, पोलादी साधारण २.७ ग्रॅम. वजनही जुळलं तर भिंगाखाली ३ पाहा. १९४८मधला ८ कापून ३ केलेली नाणी बरीच फिरतात. अस्सल ३ची शेपटी शेजारच्या आकड्यांपेक्षा खाली उतरलेली असते.

जपणुकीबद्दल थोडं. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात पोलादाला गंज चढायला वेळ लागत नाही. नाणं कडेला धरा, मऊ पीव्हीसीच्या पाकिटात ठेवू नका, हवाबंद डबीत सिलिका जेलची पुडी घालून ठेवा आणि ती पुडी वेळोवेळी बदला.

दुकानात चुंबक, वजन आणि भिंग या तिन्ही तपासण्या आम्ही तुमच्यासमोर, विनामूल्य करतो. तिन्ही पार केलेला तांब्याचा सेंट मात्र आम्ही स्वतः खरा ठरवत नाही आणि विकतही घेत नाही. तो पीसीजीएस किंवा एनजीसी या अमेरिकी दर्जा-संस्थांकडे पाठवावा लागतो, त्यासाठीचा अर्ज भरायला आम्ही मदत करू.