जोडीतला दुसरा मुलगा

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात केंब्रिज आणि समरव्हिल ही दोन शेजारी शहरे आहेत. वाममार्गाला लागण्याची शक्यता असलेल्या मुलांना वेळीच मायेचा आधार मिळाला तर ती गुन्हेगारीकडे वळणार नाहीत, या डॉ. रिचर्ड कॅबट यांच्या विश्वासातून तेथे 1939 साली एक प्रकल्प सुरू झाला. वय, स्वभाव आणि घरची परिस्थिती यांत मिळत्याजुळत्या मुलांच्या 253 जोड्या लावल्या गेल्या आणि प्रत्येक जोडीतील कोणाला मदत द्यायची हे नाणे उडवून ठरवले गेले. निवड झालेल्या मुलाच्या घरी समुपदेशक काही वर्षे नियमितपणे जात. शिकवणी, औषधोपचार, उन्हाळी शिबिरे अशी सर्व सोय केली जाई.

सुमारे तीस वर्षांनी जोन मकॉर्ड या संशोधिकेने या मुलांचा, म्हणजे आता प्रौढ झालेल्या पुरुषांचा, माग काढला. मदत मिळालेल्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश जणांनी तिचा आपल्याला उपयोग झाल्याचे आवर्जून सांगितले. चौकशी एवढ्यावरच थांबली असती, तर प्रकल्प यशस्वी ठरला असता. परंतु मकॉर्ड यांच्यासमोर प्रत्येक जोडीतला दुसरा मुलगाही होता. न्यायालयांच्या, रुग्णालयांच्या आणि मृत्यूच्या नोंदी ताडून पाहता, गुन्हा करणाऱ्यांचे प्रमाण दोन्ही गटांत जवळपास सारखेच निघाले. मात्र पुन्हा गुन्हा करणारे, दारूच्या आहारी गेल्याची लक्षणे दिसणारे आणि लवकर मृत्यू पावलेले लोक मदत मिळालेल्या गटात अधिक होते. पुढील विश्लेषणात ही हानी मुख्यतः एकाहून अधिक वेळा शिबिरांना गेलेल्या मुलांत आढळली. तिथे बेबंद वागण्याला सवंगड्यांची दाद मिळत गेली असावी, असे स्पष्टीकरण संशोधकांनी मांडले.

सार्वजनिक धोरणांविषयी बोलताना मला हा अभ्यास वारंवार आठवतो. योजना राबवली आणि नंतर परिस्थिती सुधारली, एवढ्यावरून श्रेय योजनेला देणे हा काकतालीय न्याय झाला. योजना नसती तर काय घडले असते, हा खरा प्रश्न आहे आणि तुलनेसाठी योग्य गट असल्याशिवाय त्याचे विश्वासार्ह उत्तर मिळत नाही.

अशा तुलनेसाठी गरजूंना मदतीपासून दूर ठेवावे लागते, हा आक्षेप रास्त आहे. मेक्सिकोने 1997 मध्ये, मुलांची शाळेतील हजेरी आणि आरोग्य तपासणी या अटींवर गरीब कुटुंबांना रोख रक्कम देणारी ‘प्रोग्रेसा’ योजना सुरू केली, तेव्हा ती सर्वत्र एकदम नेणे शक्यच नव्हते. अभ्यासासाठी घेतलेल्या 506 गावांपैकी 320 गावांना लाभ आधी आणि उरलेल्या 186 गावांना नंतर, अशी विभागणी चिठ्ठ्या टाकाव्यात तशी करण्यात आली. शाळेत, विशेषतः माध्यमिक वर्गांत, मुलींचे प्रमाण वाढल्याचे तुलनेत दिसले. पुढे 2000 साली सत्तांतर होऊनही योजना टिकली, त्यात या पुराव्याचा मोठा वाटा होता.

तरीही एका ठिकाणचा निष्कर्ष दुसरीकडे जसाच्या तसा लागू पडेलच, असे नाही. टेनेसी राज्याने 1985 ते 1989 या काळात 79 शाळांमध्ये प्रयोग करून पाहिला आणि 22 ते 25 मुलांच्या वर्गापेक्षा 13 ते 17 मुलांच्या वर्गातील मुले अधिक चांगली शिकतात, असे त्यात आढळले. कॅलिफोर्नियाने 1996 मध्ये राज्यभरातील प्राथमिक वर्ग झपाट्याने लहान केले. टेनेसीच्या प्रयोगापुरते शिक्षक आणि खोल्या उपलब्ध होत्या. इथे मात्र हजारो नवे शिक्षक एकाच वेळी हवे होते, आणि पूर्ण पात्रता नसलेल्यांची भरती करावी लागली. सुखवस्तू भागांतील शाळांत जागा निघताच गरीब वस्त्यांतील अनेक अनुभवी शिक्षक तिकडे गेले. त्यामुळे टेनेसीत ज्या गरीब मुलांना लहान वर्गांचा सर्वाधिक लाभ झाला होता, तशाच मुलांच्या वाट्याला कॅलिफोर्नियात लहान वर्ग आले खरे, पण अनेकदा नवखे शिक्षक घेऊन.