युरोपात महिना-दोन महिने फिरायचंय? गाडी भाड्याने घ्यावी की लीजवर

आमच्याकडे येणाऱ्यांचा पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो: "गाडी दिवसाला कितीला पडेल?" आम्ही त्यावर उलट तीन प्रश्न विचारतो. एकूण दिवस किती? गाडी घेणार कुठे आणि सोडणार कुठे? चालवणार कोण कोण? हे कळलं की भाडं की लीज ते जवळपास ठरूनच जातं.

सहल पंधरा दिवसांची असेल तर या पत्रकातला लीजचा भाग सोडून द्या आणि सरळ भाड्याची गाडी घ्या. लीज साधारण तीन आठवड्यांपासून पुढे मिळते, आणि कमाल मुदत सहा महिन्यांच्या आसपास असते. कंपनीगणिक यात थोडा फरक पडतो.

ही लीज म्हणजे काय?

आपल्याकडे लीज म्हटलं की ऑफिसच्या गाडीचा तीन-चार वर्षांचा करार डोळ्यांसमोर येतो. फ्रान्समधला हा प्रकार त्याहून अगदी वेगळा आहे. तिथे नव्या गाडीवर २० टक्के व्हॅट लागतो. पण युरोपीय संघाबाहेर राहणारा माणूस तात्पुरत्या वापरासाठी गाडी घेत असेल, तर ती करमुक्त नोंदवण्याची सोय कायद्यात आहे. रेनो, प्यूजो, सिट्रोएन या फ्रेंच कंपन्या या सोयीखाली कोरी गाडी तुमच्या नावावर काढतात आणि ठरल्या तारखेला परत घेण्याचं आधीच लिहून देतात. कागदावर तुम्ही गाडी विकत घेता आणि परत विकता. खिशातून जाते ती फक्त मधल्या फरकाची रक्कम, तीही निघण्यापूर्वी, एकरकमी. तुमच्यानंतर ती गाडी वापरलेली म्हणून बाजारात जाते.

या गाडीच्या नंबर पाट्या लाल असतात आणि त्यांच्या कडेला मुदत संपण्याचा महिना व वर्ष छापलेलं असतं. मुदत उलटली की नोंदणीही संपते आणि विमाही. म्हणून मुक्काम वाढवायचा असेल तर शेवटच्या दिवशी फोन करून भागत नाही, आठवडाभर आधी तरी कळवा. उलट, लवकर परत आलात तर उरलेल्या दिवसांचे पैसे मिळतील असं गृहीत धरू नका.

पासपोर्ट कुठला यापेक्षा तुम्ही राहता कुठे याला इथे महत्त्व आहे. मुलगा म्युनिकला नोकरी करतो आणि आई-वडील पुण्याहून दोन महिन्यांसाठी जाणार आहेत, अशी घरं आमच्याकडे पुष्कळ येतात. "लेकाच्याच नावावर घेऊ, त्याला तिथलं सगळं ठाऊक आहे," असं वडील म्हणतात. ते जमत नाही. तो युरोपचा रहिवासी असल्यामुळे लीज त्याच्या नावावर मिळत नाही, वडिलांच्या नावावर मिळते. रविवारी मुलाने स्टिअरिंग धरलेलं चालेल का, हे मात्र कंपनीला विचारून लेखी घ्यावं लागतं. तो कागद हातात येईपर्यंत त्याला चावी देऊ नका. विम्याचा प्रश्न आहे.

पैशांचा हिशेब

भाड्याच्या गाडीची जाहिरातीतली किंमत आणि काउंटरवरची किंमत यांत अंतर का पडतं, ते नीट समजून घ्या. पुढचे आकडे हिशेब कसा मांडायचा एवढं दाखवण्यापुरतेच आहेत. ४५ दिवस, रोज ३५ युरो, म्हणजे १५७५ युरो झाले. त्या भाड्यात विमा असतो खरा, पण नुकसान झालं तर पहिली एक-दोन हजार युरोंपर्यंतची रक्कम तुम्ही भरायची असते. हिला एक्सेस म्हणतात. तो शून्यावर आणायचा तर रोजचे वेगळे पैसे. १८ युरो धरा, ८१० झाले. पत्नीही चालवणार असतील तर दुसऱ्या चालकाचे रोज १० युरो, आणखी ४५०. बेरीज २८३५. पॅरिसला घेऊन रोमला सोडली तर परतीचा आकार वेगळा. पंचवीस वर्षांखालचा चालक असेल तर त्याचेही जादा पैसे. शिवाय क्रेडिट कार्डावर अनामत अडकते, आणि ते कार्ड मुख्य चालकाच्या नावाचंच लागतं.

लीजमध्ये यातलं बहुतेक आधीच धरलेलं असतं: एक्सेस नसलेला पूर्ण विमा, हवे तितके किलोमीटर, पती-पत्नी दोघांनी चालवण्याची मुभा, अठरा वर्षांवरील चालकालाही तोच दर. गाडी फ्रान्समध्ये घेऊन फ्रान्समध्येच सोडली तर पोहोचवण्याचा आकार नसतो. माद्रिद, रोम, फ्रँकफर्ट अशा शहरांतही ती मिळते, पण तिथे घ्यायचे आणि सोडायचे पैसे पडतात आणि लीजचा फायदा बराच आटतो. त्यामुळे सहल फक्त इटलीची असेल तर दोन्हींचा हिशेब शेजारी शेजारी मांडल्याशिवाय आम्ही लीज सुचवत नाही.

आमचं मत विचाराल तर लीजची खरी कमाई त्या शून्य एक्सेसमध्ये आहे. दीड महिन्यात कुठल्या तरी दगडी गल्लीत चाकाची रिम कठड्याला घासणारच. भाड्याच्या गाडीत अनेकदा टायर, काच आणि गाडीचा तळ विम्यातून वगळलेले असतात. आमच्या एका ग्राहक दांपत्याला एवढ्याशा ओरखड्याचं बिल भरावं लागलं. गाडी घेताना चाकांचे फोटो काढलेले नव्हते, त्यामुळे ओरखडा आधीचा होता हे दाखवायला हाती काहीच नव्हतं. भाड्याची गाडी घेणाऱ्यांनी म्हणूनच चारही चाकं, छत आणि समोरची काच यांचे फोटो पार्किंगमधून निघण्यापूर्वी काढावेत.

नव्वद दिवस

लीज सहा महिन्यांची मिळते म्हणून सहा महिने राहता येतं असं नाही. शेंगेन म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणारा युरोपातल्या बहुतेक देशांचा गट. या व्हिसावर गटातल्या सगळ्या देशांत मिळून कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसच राहता येतं. व्हिसा दोन किंवा पाच वर्षांचा असला तरी हे बदलत नाही. पूर्वी काही जण मधले दिवस क्रोएशियात काढायचे, म्हणजे ते या नव्वदात धरले जात नसत. १ जानेवारी २०२३ पासून क्रोएशियाही शेंगेनमध्ये आहे. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही, पण शेंगेनमध्ये आहे, म्हणजे तिथले दिवसही मोजले जातात. ब्रिटन आणि आयर्लंड शेंगेनबाहेर आहेत, त्यांचे व्हिसा वेगळे.

पहिला दिवस

लीजची गाडी ताब्यात मिळते तेव्हा कोरी असते, नव्या सीटचा वास येत असतो, आणि इंधनाचा काटा अगदी तळाला असतो. टाकी भरून मिळत नाही आणि भरून द्यावीही लागत नाही. त्यामुळे पहिलं काम म्हणजे जवळचा पंप गाठणं, आणि पहिली चूकही तिथेच होते. फ्रान्समध्ये नळीवर 'गाझोल' लिहिलेलं असतं. आपल्याला ते गॅसोलीन, म्हणजे पेट्रोल वाटतं. ते डिझेल आहे! पेट्रोलच्या नळीवर 'सां प्लों' किंवा ९५, ९८ हे आकडे असतात. स्पेनमध्ये 'गासोलीना' पेट्रोल आणि 'गासोलेओ' डिझेल. टाकीच्या झाकणाच्या आत काय लिहिलंय ते वाचूनच नळी उचला. चुकीच्या इंधनाने झालेलं नुकसान बहुतेक विम्यांत बसत नाही.

गाडी उजव्या बाजूने चालवायची, गिअर उजव्या हाताला. फ्रान्समध्ये जिथे पाटी किंवा सिग्नल नाही, तिथल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ द्यायचं. लहान गावांत अरुंद बोळातून येणारी गाडीही मग हक्काने पुढे घुसते. पहिले दोन दिवस शहराबाहेर मुक्काम ठेवा, हे आम्ही प्रत्येकाला आग्रहाने सांगतो.

जर्मनीत कारला महामार्गाचा टोल नाही. फ्रान्स आणि इटलीत नाक्यावर भरावा लागतो. स्वित्झर्लंडच्या महामार्गांसाठी ४० फ्रँकचा वार्षिक पास लागतो, आठवड्याचा मिळत नाही. फ्लोरेन्ससारख्या इटालियन शहरांच्या जुन्या भागात परवान्याशिवाय गाडी नेता येत नाही. कॅमेरा पाटीचा फोटो घेतो आणि दंडाचं पत्र काही महिन्यांनी घरी येतं. गाडी भाड्याची असली तर भाडेकंपनी तुमचं नाव-पत्ता कळवण्याचे वेगळे पैसेही लावते.

लाल पाटी बघून ही पर्यटकांची गाडी आहे हे कुणालाही कळतं. विमा गाडीचा असतो, बॅगांचा नाही. मधे कुठे थांबलात तर सीटवर काहीही ठेवू नका.

आंतरराष्ट्रीय परवाना आरटीओकडून मिळतो, तो एक वर्ष चालतो. सोबत मूळ लायसन्स हवंच. आमच्याकडे येताना पासपोर्ट, दोन्ही चालकांची लायसन्स आणि जाण्या-येण्याच्या तारखा घेऊन या. विमानाची तिकिटं अजून काढली नसतील तर फारच बरं, कारण पॅरिसला उतरून रोमहून परतायचं की पॅरिसहूनच, हे गाडीचा हिशेब पाहून ठरवता येईल.