विस्मरण झालं म्हणजे गाणंही गेलं?

वृद्धाश्रमात कला म्हणजे दिवाळीला बाहेरून येणारा ऑर्केस्ट्रा, आणि ज्यांना काही आठवतच नाही त्यांना तोही कशाला, असं सांगली-मिरजेकडेही सर्रास म्हटलं जातं. हा गैरसमज आहे. डिमेन्शियात, म्हणजे स्मृतिभ्रंशाच्या आजारात, आधी पुसली जाते ती बहुधा ताजी आठवण: सकाळी काय खाल्लं, कोण भेटून गेलं. तरुणपणी पाठ झालेले अभंग, ओव्या, नाट्यपदं मात्र बराच काळ टिकतात, हाताला लागलेली सवयही. नातवाचं नाव न आठवणाऱ्या आजींना ओवीची पहिली ओळ द्या, पुढची त्या पुष्कळदा स्वतःच म्हणतात. आजार याने बरा होत नाही. तसा दावा करणाऱ्यापासून चार हात लांबच राहावं.

राहिलं खर्चाचं कारण: कलेला पैसा कुठून आणायचा, म्हणे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी ज्या सांगलीत ‘सीता स्वयंवर’ हे मराठीतलं पहिलं मानलं जाणारं नाटक रंगवलं, शेजारच्या मिरजेत जिथे तंबोरे घडतात, तिथे हे कारण ऐकून हसू येतं. भाजी निवडताना भजन, दारात रांगोळी, दुपारी गोधडीचे चार टाके. टाळ कपाटात कुलूपबंद नकोत, हाताशी असावेत. लाउडस्पीकर मात्र नको, गोंगाटाने ही माणसं बिथरतात. आणि कुणाला नुसतं ऐकत बसायचं असेल, तर बसू द्या.